जाळीवर कुंकू नव्हतं

१

कुंदाबाई गेली आणि सोहनलाल शेठजींची डाळ मिल बंद पडली. बंद पडल्यावर हजेरी ठेवणाऱ्या कुमुदला पहिल्यांदा कळलं की टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून रस्त्यावरच्या सायकलींच्या घंटाही ऐकू येतात. एरवी मोटारीच्या घरघरीत शेजारच्या माणसाचं बोलणं त्याच्या ओठांवरून ओळखावं लागे. आता सगळं ऐकू येत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं.

घडलं ते सांगायला सोपं होतं. दसरा होऊन आठवडा उलटला होता, दिवाळीच्या मालाची घाई होती. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, डाळ निवडणाऱ्या बायांमधली कुंदाबाई रोलरच्या पट्ट्याखाली सांडलेले मूग झाडून घ्यायला वाकली. त्या पट्ट्यावर आणि पुलीवर लोखंडी जाळी असते. त्या दिवशी ती नव्हती. मागच्या भिंतीला टेकून उभी होती. कुंदाबाईचा पदर पट्ट्यात गेला. पुढचं कोणी नीट सांगत नव्हतं आणि कुमुदनेही कोणाला नीट विचारलं नाही. संध्याकाळी मिलच्याच टेम्पोतून तिला भडगावकडे तिच्या गावी नेलं.

रडलं कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी बाया नेहमीच्या वेळेला आल्या, फाटकाशी बसल्या, डबे उघडले, झाकले आणि परत गेल्या. कुमुद घरी गेली, दहा महिन्यांच्या लेकाला मांडीवर घेतलं, त्याचे हातपाय चाचपून पाहिले आणि गॅसचं बटण बंद आहे ना ते पाहायला दोनदा उठली. बस, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मिलचा फिटर वना आपणहून पोलिसांपुढे उभा राहिला. म्हणाला, ग्रीस द्यायला त्या दिवशी सकाळी जाळी मीच काढली आणि लावायची राहिली. फौजदाराने जबाब घेतला, गाव सोडू नको म्हणून बजावलं. धुळ्याहून कारखाना निरीक्षक यायचे होते. त्यांनी मिलची हकिकत मान्य केली की वनाला अटक होणार, हे फाटकावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

ती हकिकत लिहायचं काम शेठजींनी कुमुदवर सोपवलं. शेठजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दसऱ्याआधी झालेलं. दुसऱ्या डोळ्याला आधीच दिसेनासं झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते घरच्या ओसरीत खुर्चीवर बसले होते.

"निरीक्षक उद्या येतील. तुम्ही शिकलेल्या आहात बाई, एक हकिकत लिहून ठेवा," ते म्हणाले. कुमुद निघायला उठली तेव्हा म्हणाले, "वना माझ्याकडे त्याच्या लग्नाआधीपासून आहे. जाळी विसरणारा माणूस नाही तो. लिहाल तेव्हा लिहा, पण आधी विचारा."

२

शेडमध्ये मुगाचा आणि तेलाचा वास तसाच होता. फरशी धुतलेली होती. कुमुद खरं तर या बाजूला क्वचित यायची. खंडेनवमीला मशिनींच्या पूजेसाठी सगळी मिल इथं जमते, पण यंदा तिच्या लेकाला ताप होता आणि ती घरीच राहिली होती.

ती एकेका मशिनीपुढून चालत गेली. मोटार, एलिव्हेटर, चाळणी, पॉलिशचं मशीन. प्रत्येकाच्या जाळीवर समोरच्या अंगाला तुपात कालवलेल्या कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, होता, खाली चार ठिपके. दरवर्षी खंडेनवमीला मिल बंद ठेवून शेठजींच्या घरातला कर्ता पुरुष स्वतःच्या बोटाने हे साथिये काढतो. मशिनी त्या दिवशी हलवायच्या नाहीत, त्यांच्यावर हत्यार चालवायचं नाही, हा या मिलचा रिवाज. पुसायचेही नाहीत, आपोआप जातील तेव्हा जातील.

भिंतीला टेकलेल्या जाळीवर साथिया नव्हता.

धुताना गेला असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिने बोट फिरवलं. जाळीच्या तारांवर कोंड्याचा जाड थर होता, खपलीसारखा सोलून निघाला. पाणी त्या जाळीला लागलंच नव्हतं. ती रोलरच्या सांगाड्यापाशी बसली. जाळीचे बोल्ट ज्या भोकांत बसतात ती भोकं कोंड्याने आणि तेलाने बुजून गेली होती. तिने केसातली पिन काढून टोचलं, तेव्हा कुठे काळा गोळा सुटून आला.

अपघात झाल्या क्षणी मिल बंद झाली होती. त्यानंतर कोंडा उडालाच नव्हता. म्हणजे एका सकाळीत ही भोकं बुजायला हवी होती. तसं होत नाही, हे कळायला फिटर असावं लागत नाही. घरी जातं पुसणाऱ्या कोणालाही कळेल.

वना पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला होता. हात गुडघ्यांवर, तळवे वर. कुमुदने त्याला सरळ विचारलं, जाळी खरंच त्या दिवशीच काढली का. तो हो म्हणाला. मग तिने भोकांचं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"मीच काढी व्हती ताई. मनाच हातखाल व्हयनं."

"कधी काढली, वनाभाऊ?"

त्याने तळव्यांकडे पाहिलं. बायकोचं नाव घेतलं नाही, पोरांचं नाही. तिला वाटलं होतं, हा माणूस घाबरलेला असेल. तो घाबरलेला नव्हता. अवघड ओझं उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचं आहे, अशा चेहऱ्याने बसला होता.

"तुमी लिही टाका," तो म्हणाला. "बठ्ठास्नं भलं शे त्यामा."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?"

वना उठला आणि टाकीच्या पलीकडे निघून गेला.

३

मिलमध्ये भल्याची गोष्ट निघाली की एकच नाव यायचं: निर्मलकुमार, शेठजींचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो इंदूरहून शिकून आला आणि कारभार त्याच्या हातात आला. पहिल्या आठवड्यात त्याने आपल्या केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. ज्याला यायचं त्याने कधीही यावं. सोमवारी सकाळी अंगणात सगळ्यांना बसवून तो विचारायचा, काय खटकतं ते तोंडावर सांगा, कोणावर राग धरणार नाही. बायांना संडास त्याच्यामुळे मिळाला. पंखे मिळाले. कुमुदला दुपारी घरी जाऊन बाळाला पाजून यायची मुभा त्यानेच दिली होती. मागितली नव्हती तरी दिली होती.

त्याच्या आधी कारभार रतिलालकडे होता. रतिलाल शेठजींचा जुना मुनीम. उशीर झाला तर फाटकाबाहेर उभं करायचा, बायांना नावाऐवजी 'ए' म्हणून हाक मारायचा. अजूनही तो मिलमध्येच होता, खरेदीच्या कामावर, ओठ मिटून.

निवडणाऱ्या बायांची म्होरकी ताईबाई. कुमुद तिच्या घरी गेली तेव्हा ती लसूण सोलत होती. आधीच पुष्कळ सोललेला होता, तरी सोलत होती. कुंदाबाई तिच्या शेजारी बसायची, एकाच सुपात दोघी निवडायच्या. पण कुंदाबाईबद्दल ती काही बोलली नाही. बोलली ती रतिलालबद्दल. कुंदाबाईचं आणि त्याचं पटत नव्हतं म्हणे. मशिनीजवळ झाडायला त्यानेच पाठवलं असेल म्हणे.

"पाहिलंस का तू पाठवताना?"

"पाह्यलं नाही. पण दुसरं कोण पाठवणार?"

कुमुदलाही तेच हवं होतं. दोषी रतिलाल निघाला तर सगळं जागच्या जागी राहणार होतं. तिने हळूच विषय पूजेवर आणला. यंदा शेठजींच्या डोळ्याला पट्टी, मग साथिये कोणी काढले? ताईबाईचा चेहरा पहिल्यांदा थोडा सैल झाला. निर्मलभाऊंनी काढले, म्हणाली. पहिलीच वेळ त्यांची, तरी किती निगुतीनं. मोटारीपासून सुरुवात केली ते थेट पॉलिशच्या मशिनीपर्यंत, बाप चुकला असता पण लेक चुकला नाही. आम्ही सगळ्या मागं मागं हात जोडून.

"एखादं मशीन राहिलं का गं?"

"कसं राहील? आमी बठ्ठ्या मोजत होतो ना. कुंदीनंच ताट धरलं होतं." एवढं बोलून ताईबाई थांबली. लसणाची पाकळी तिच्या बोटांतच राहिली. मग तिने कुमुदकडे असं पाहिलं की कुमुदला चप्पल घालून उठावंच लागलं.

"ताई, तुमचं बाळ लहान आहे," ताईबाई दारातून म्हणाली. "दुपारची सुट्टी रतिलाल देईल का तुम्हाला?"

४

रतिलाल गोदामात होता. कुमुदने विचारायच्या आधीच तो म्हणाला की सगळ्या मिलची बोटं आपल्याकडे आहेत, हे आपल्याला माहीत आहे. वाईट वाटल्याचं काही त्याच्या आवाजात नव्हतं. हवामान सांगावं तसं सांगितलं.

"मी इथं नव्हतोच बाई. घटस्थापनेनंतर लगेच इंदूरला गेलो, तो कुंदाबाई गेली त्याच संध्याकाळी उतरलो. स्टँडवर हमालानं सांगितलं मला."

"इंदूरला कशाला?"

त्याने कोपऱ्यातलं किंतान बाजूला केलं. खाली नवा करकरीत पट्टा गुंडाळून ठेवला होता. रोलरचा जुना पट्टा सैल पडला होता, तो सांगत होता. घडीघडी पुलीवरून उतरायचा. उतरला की जाळीचे बोल्ट काढा, पट्टा चढवा, बोल्ट लावा, तोवर पुन्हा उतरलेला. दिवाळीची घाई. त्या मापाचा पट्टा जळगावात मिळेना, धुळ्यात मिळेना. म्हणून त्याला पाठवलं.

"आणि नवा पट्टा येईपर्यंत?"

रतिलालने किंतान परत पांघरलं, कडा नीट खोचल्या. "मी नव्हतो," तो म्हणाला. "मी असतो तर मिल बंद ठेवली असती. माणसांच्या मायेनं नाही. जाळीशिवाय मशीन चालवायचं नाही, हा शेठजींचा नियम आहे म्हणून."

कुमुद पुन्हा शेडमध्ये आली तेव्हा ऊन खिडक्यांवरून तिरपं झालं होतं. कोणीच नव्हतं. ती निवडणाऱ्या बायांचा पाट ओढत रोलरपाशी घेऊन गेली आणि त्यावर चढली. मशीन बंद आहे, मेन स्विच काढून नेलेला आहे, हे माहीत असूनही पदर तिने कमरेला गच्च खोचला. जाळी असती तर जिथे बोटसुद्धा गेलं नसतं तिथे, पुलीच्या अगदी जवळ, तिने मान घातली.

पुलीच्या मधल्या लोखंडी गोळ्यावर, पट्टा जिथे घासत नाही अशा जागी, कुंकू होतं. साथिया, आणि खाली चार ठिपके. फिरून फिरून कडा जरा फाकल्या होत्या.

ती पाटावरून उतरली. पाट जागेवर ठेवला. मग पुन्हा उचलून थोडा सरळ केला.

५

केबिनला दार नसल्यामुळे टकटक करायची सोय नव्हती. निर्मलकुमार तिला पाहून उठून उभा राहिला; तो सगळ्यांसाठीच उठायचा. दाढी वाढली होती. बसा म्हणाला, बाळ कसं आहे विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली.

कुमुदने हकिकत लिहिली नव्हती. ती नुसतं सांगत गेली, एकसुरी, हजेरी वाचावी तशी. वना म्हणतो, जाळी त्या दिवशी सकाळी काढली. पण बोल्टची भोकं बुजलेली आहेत, म्हणजे जाळी पुष्कळ दिवस उतरलेली होती. किती दिवस, ते कुंकू सांगतं. प्रत्येक मशिनीच्या जाळीवर साथिया आहे, या एका जाळीवर नाही, आणि ती कोणी धुतलेलीही नाही. साथिया आत, पुलीवर आहे. जाळी लावलेली असताना तिथे हात जात नाही. त्या दिवशी हत्यारही चालवायचं नाही, म्हणजे पूजेसाठी कोणी जाळी काढली असंही नाही. खंडेनवमीला जाळी आधीच नव्हती. साथिया काढणाऱ्याला ती जागेवर नाही हे दिसलं, म्हणून त्याने पुलीवर काढला.

"साथिये तुम्ही काढलेत, भाऊ. मागे सगळी मिल उभी होती. मी आणि रतिलाल तेवढे नव्हतो."

निर्मलकुमार बसला. त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत तिथेच ठेवला.

लपवायचा प्रयत्न त्याने केला नाही. जाळी काढून ठेवायला आपणच सांगितलं होतं, म्हणाला; रतिलाल दोन दिवसांत पट्टा घेऊन येईल असं वाटलं होतं, त्याचे जास्त झाले. वनाने नको म्हटलं होतं, आपण त्याला समजावलं. पूजेच्या दिवशी पुली समोर दिसली तेव्हा मनात आलं होतं, उद्या सांगू लावायला. उद्या माल भरायचा होता. हे सगळं तो अगदी प्रामाणिकपणे सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा आवाज खाली खाली येत होता, कारण बाहेर अंगणात कोणीतरी चालत होतं.

"वनाला मी सांगितलं नाही माझं नाव वाचव म्हणून. शपथेवर सांगतो. तो आपणहून आला. बाया आल्या त्याच्याबरोबर. म्हणाल्या, भाऊ, तुम्ही गेलात तर परत रतिलाल. वकील मी देईन, त्याचं घर मी सांभाळीन. तुम्ही सांगा कुमुदताई, मी तुरुंगात जाऊन कोणाचं काय भलं होणार आहे?"

प्रश्न खोटा नव्हता. तीच तर पंचाईत होती. कुमुदला दूध भरून आल्यासारखं वाटलं. दुपारची वेळ टळून गेली होती.

"वना आला तेव्हा तुम्ही नको म्हणालात का?" तिने विचारलं.

निर्मलकुमारने दाराच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. कुमुद बसून राहिली, कारण उठायचं कसं तेच तिला सुचेना.

"तुम्ही उद्या काय लिहिणार?" शेवटी त्यानेच विचारलं.

"मी पाहिलं तेवढंच."

६

निरीक्षक सकाळी आले, बरोबर फौजदारही होता. खुर्च्या अंगणात मांडल्या होत्या, सोमवारच्या सभेसारख्याच. शेठजी रतिलालच्या खांद्यावर हात ठेवून आले आणि बसले. त्यांनी कुमुदला वाचायला सांगितलं.

तिने वाचलं. रात्री लिहिताना तिने नाव कोणाचंच घातलं नव्हतं. भोकं, जाळी, पुलीवरचा साथिया, नवा पट्टा, एवढंच होतं. ती वाचत असताना बाया तिच्याकडे पाहत होत्या. ताईबाईने पहिल्या वाक्यातच मान फिरवली. वना मागे भिंतीशी उभा होता, आणि त्याचा चेहरा, कोणीतरी हातातलं ओझं हिसकावून घ्यावं, तसा रिकामा होत चालला होता.

वाचून झालं. निरीक्षकांनी विचारलं, साथिया कोणी काढला होता? कुठूनतरी एका बाईचा आवाज आला, शेठजींनी. निरीक्षकांनी शेठजींच्या पट्टीकडे पाहिलं.

शेठजी म्हणाले, "मला दिसत नव्हतं साहेब. ज्याला दिसत होतं त्याला विचारा. निर्मल, बेटा, उभा राहा."

निर्मलकुमार उभाच होता. त्याने सगळं सांगितलं, या वेळी आवाज खाली न आणता. जाळी माझ्या सांगण्यावरून काढली, वनाने विरोध केला होता, त्याचा जबाब खोटा आहे आणि तो खोटा आहे हे मला माहीत होतं. निरीक्षक लिहून घेत होते. लिहून झालं असं समजून त्यांनी पेनाचं टोपण लावलं, तेव्हा तो म्हणाला,

"आणखी एक आहे. पूजेच्या आधीच्या सोमवारी कुंदाबाई इथं उठून उभी राहिली होती. म्हणाली, भाऊ, ती जाळी लावा, झाडताना पदराची भीती वाटते. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. म्हटलं, असंच तोंडावर सांगत जा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

त्यानंतर ताईबाई रडायला लागली. ती एकटीच रडत होती. बाकीच्या तिच्याकडे पाहत राहिल्या, तिला काय झालं आहे ते ओळखीचं असून आठवत नसल्यासारख्या.

फौजदाराने निर्मलकुमारला जीपमधून नेलं तेव्हा शेठजींनी जीपचा आवाज जाईल त्या बाजूला तोंड वळवलं आणि आवाज विरल्यावरही तसेच बसले. रतिलालने न विचारता खुर्च्या उचलायला सुरुवात केली. बाया उठल्या. कुमुदच्या अंगावरून जाताना त्या थोड्या बाजूने गेल्या, ओल्या फरशीला वळसा घालावा तशा. उद्यापासून दुपारी घरी जायचं की नाही, हे विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही.

अंगण मोकळं झालं. वना अजून भिंतीशीच उभा होता. त्याच्यावर आता गुन्हा नव्हता, हे त्याला निरीक्षकांनी दोनदा समजावून सांगितलं होतं. त्याने आधी केबिनच्या चौकटीकडे पाहिलं, मग शेठजींकडे, मग रतिलालकडे. तिघांपैकी कोणाकडे जावं ते त्याला ठरवता येईना. शेवटी तो कुमुदपुढे येऊन उभा राहिला.

"ताई," त्याने विचारलं, "मी घर जाऊ का आते?"